दम घ्या, दम धरा

सर्वांत आधी एक खुलासा करून टाकते. मी सिस्टर नाही. डोंबिवलीत एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत नोकरीला सुरुवात केली आणि ठाण्यातल्या सीटी स्कॅनच्या थंडगार खोलीतून निवृत्त झाले, पण मधल्या सगळ्या वर्षांत माझ्या हुद्द्याचं नाव एकाही पेशंटनं बरोबर घेतलं नाही. सिस्टर, मॅडम, डॉक्टर, फोटोवाल्या बाई. एका आजोबांनी तर "अहो ऑपरेटर" अशी हाक मारली, लिफ्टवाल्याला मारतात तशी. मी रेडिओग्राफर. माणसाच्या आतलं चित्र नीट, स्वच्छ, न हललेलं काढून द्यायचं, हे माझं काम. ते वाचायचं काम रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे आमच्या डॉक्टरबाईंचं. औषध द्यायचं काम तिसऱ्याच डॉक्टरांचं. इतकं साधं आहे, पण टेबलावरून उतरता उतरता पेशंट विचारणारच, "काय आलं?" मी म्हणायचं, "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल." मग तो माझ्या चेहऱ्याकडे बघणार. फिल्म वाचता येत नाही, निदान हिचा चेहरा तरी वाचू! त्यामुळे मी चेहरा कोरा ठेवायला शिकले. इतका कोरा, की घरी नवरा म्हणायचा, "हिला चहा कसा झालाय विचारलं तरी उत्तर संध्याकाळी मिळतं."

आता थोडं धंद्याचं सांगते, म्हणजे पुढची माझी चिडचिड समजेल. एक्स-रे म्हणजे सावली. हाडातून किरण फारसे जात नाहीत म्हणून ते पांढरं दिसतं, हवेतून आरपार जातात म्हणून ती काळी. चांगलं फुप्फुस हवेनं भरलेलं, म्हणून काळंभोर. आमच्या खात्यात काळं ते चांगलं आणि पांढरं ते वाईट. सीटी स्कॅन म्हणजे त्याच छातीच्या बटाट्यासारख्या पातळ काचऱ्या, अर्थात सुरी न लावता केलेल्या. विषाणूचा न्यूमोनिया झाला की फुप्फुसात जागोजागी धूसर पांढरट डाग दिसतात, बाथरूमच्या खिडकीला घासलेली काच असते ना, तसे. आजार वाढला की डाग घट्ट पांढरे होतात. आणि माणूस बरा व्हायला लागला की आधी घट्टपणा जातो, मग धूसरपणा विरत जातो, मग कुठे कुठे बारीक रेघा उरतात. त्या रेघा कधी काही महिन्यांनी पुसल्या जातात, कधी जन्मभर राहतात, आणि पुष्कळदा कुणाचं काही बिघडवत नाहीत.

पण ह्यातली मुख्य गोष्ट अशी, की फोटो माणसाच्या मागून चालतो. माणूस जिने चढायला लागतो, भांडायला लागतो, तिखट मागायला लागतो, आणि फोटोत अजून आजार दिसत असतो. हे मी, डॉक्टरबाईंनी आणि छातीच्या डॉक्टरांनी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल! ऐकतंय कोण? भाताचं झाकण सारखं उघडून बघितलं म्हणून भात लवकर शिजत नाही, उलट वाफ जाते. इथे तर दर वेळी अंगावर किरण घ्यायचे असतात. तरी दोन आठवडे झाले की हजर, "बघू जरा, किती राहिलंय."

त्यात करोनाच्या लाटेत तो स्कोर आला. फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येक भाग किती बिघडलाय त्याला पाचापर्यंत गुण, एकूण पंचवीस. डॉक्टरांच्या सोयीसाठी केलेला अंदाज तो. पण आमची मंडळी दहावी-बारावीच्या निकालावर वाढलेली. "स्कोर किती पडला?" हा प्रश्न सोसायटीच्या गेटपासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे. डोंबिवलीतले एक निवृत्त बँकवाले गृहस्थ होते, त्यांना स्वतःच्या स्कोरचा अभिमानच होता. "आमचा बारा होता. समोरच्या ब्लॉकमध्ये नऊ होता, पण त्यांना ऑक्सिजन लागला. मला नाही लागला." हे ते प्रत्येक भेटीत, मास्क नाकाखाली ओढून सांगायचे. बरे झाल्यावर पुन्हा आले, स्कोर चारवर आला, तर चेहरा उतरला. "चार अजून कुठे आहेत?" जसं काही मी ते खिशात घालून ठेवलेत.

हसू येतं आता. पण एकदा हसू आलं नाही. एका तरुण मुलीनं वडिलांचा रिपोर्ट खिडकीवरून घेतला, अठरा वाचलं आणि तिथूनच फोनवर आईला सांगितलं, "अगं, पंचवीसपैकी अठरा आहेत. चांगले आहेत की!" मागे रांगेत उभी असलेली माणसं एकदम गप्प झाली. मी काचेच्या आतून ऐकत होते. मला बोलायची परवानगी नव्हती. डॉक्टरबाई स्वतः उठून बाहेर गेल्या आणि त्या मुलीला बाजूला घेऊन बसल्या. स्कोर हा शब्द ज्यानं कुणी रिपोर्टात घातला, त्याला त्या दिवशी मी मनातल्या मनात पुष्कळ काही बोलले.

दुसरा त्रास जुन्या फोटोंचा. आजार कमी होतोय की वाढतोय हे कळायला आधीचं चित्र शेजारी ठेवून बघावं लागतं. खडवलीहून एक जोडपं आलं. बाईंना न्यूमोनिया होऊन गेलेला, आता तपासणी. मी विचारलं, "आधीची फिल्म?" नवरा म्हणाला, "ती टाकली." "कुठे टाकली?" "नदीत. आजाराचा फोटो घरात कशाला ठेवायचा? सासूबाई म्हणाल्या, अपशकुन असतो." बाई बिचारी खाली मान घालून उभी. मी कपाळाला हात लावला, तर तो मला म्हणतो, "नवीन काढा ना चांगला. तो जुना खराबच आलेला." खराब आलेला! मी काय लग्नाची फोटोग्राफर आहे?

तर हा फोटो नावाचा शब्द. त्यानं आम्हाला आयुष्यभर हैराण केलं, आणि त्याच शब्दामुळे हिराबाई पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या त्या अंगभर सोनं घालून.

हिराबाई बाळकुमच्या कोळीण. आता तिथे आकाशाला भिडलेले टॉवर झालेत आणि त्यातल्याच एकात त्यांच्या मुलानं, नितेशनं, फ्लॅट घेतलाय, पण हिराबाई मूळच्या गावठाणातल्या. वर्तकनगरच्या बाजूला मासळी विकायला बसायच्या. आधी सासू बसायची ती जागा, मग ह्यांची. दुसऱ्या लाटेत नवरा-बायको दोघंही आजारी पडले. नवऱ्याला हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला. त्याचा स्कॅनसुद्धा झाला नाही. हिराबाई वाचल्या, ऑक्सिजनवर राहून घरी आल्या, आणि घरी आल्यावर महिन्याभरानं छातीच्या डॉक्टरांनी तपासणीचा स्कॅन सांगितला, म्हणून नितेश त्यांना घेऊन आला.

"सोनं काढायला लागेल, आजी," मी म्हणाले. "धातू असला की चित्रात पट्टे येतात."

"कनाला काढू? फोटो काढाचा ना छातीचा?" त्या म्हणाल्या. "मंग फोटोन दिसाला नको?"

हार, पुतळ्या, एकेक करून नितेशच्या हातात. मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात नव्हतं. तिथे हात गेला आणि रिकामाच परत आला, ते मी पाहिलं आणि त्यानंही पाहिलं. मग मी घाई करायचं सोडून दिलं.

तो स्कॅन अपेक्षेप्रमाणे आला. धूसर डाग होते, पण घट्टपणा गेलेला. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, बोटाला ती ऑक्सिजनची क्लिप लावून. ऑक्सिजन खाली आला नाही, हिराबाई मात्र वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी बोलत चालल्या. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. हळूहळू कामाला लागा. अजून एक स्कॅन दोन महिन्यांनी बघू, मग बास."

नितेशला मात्र हे बास पटेना. आयटीतला मुलगा, हुशार, आईवर जीव. रिपोर्टातला प्रत्येक शब्द त्यानं फोनवर शोधून काढलेला. "मॅडम, एकदम क्लीन झाल्याशिवाय मी आईला बाजारात नाही पाठवणार. गर्दी, ओल, बर्फ. मी चान्स नाही घेणार." दोन महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला, डाग आणखी विरलेले, काही रेघा. डॉक्टर म्हणाले, आता स्कॅन नको. नितेश म्हणाला, क्लीन कुठे आहे? आणि जेमतेम महिना गेला नाही तर फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन हा परत दारात.

"अहो, कशाला?" मी म्हणाले. मला राहवलं नाही. "त्या ठणठणीत आहेत. तुम्ही फोटोला औषध देताय की आईला?"

"मॅडम, बाबांच्या वेळी आम्ही फोटो काढायलाच उशीर केला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. मी चिठ्ठी हातात घेतली.

हिराबाई बाकावर बसल्या होत्या. नितेश पैसे भरायला गेला तशा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाय, नारली पुनव तोंडावं आयली. माजी जागा रिकामी हाय तवा जाव बसतेय तिथं. ती बोल्ली, पुनवेपत्तुर आलीस तं तुजी, नायतं माजी. बाजारान जागा कोन राखून ठेवीत नाय." जाव म्हणजे त्यांची जाऊ. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रावर जातात आणि नवी मासळी यायला लागते. त्या दिवसांत जी जागेवर नाही तिला गिऱ्हाईक विसरतं. मुलगा पोसायला समर्थ होता, प्रश्न पोटाचा नव्हताच. नवरा गेला, गावठाणातलं घर सुटलं, आता ती जागाही गेली की हिराबाई म्हणजे चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेली कुणाची तरी आई. एवढंच उरणार होतं.

आत नेलं. आमचं मशीन स्कॅनच्या वेळी स्वतःच बोलतं, एका बाईचा आवाज भरलेला आहे त्यात, हिंदीतून. सांस लीजिए, सांस रोकिए, सांस छोड़िए. ठाण्यात सगळ्या मुलखाची माणसं येतात म्हणून हिंदी. नितेशनं तेही आधीच अभ्यासून ठेवलेलं. बाहेर बाकावर आईची तयारी करून घेतलेली. हिराबाई झोपल्या, मशीन बोललं, त्या गप्प पडून राहिल्या, अजिबात हलल्या नाहीत. झालं.

आणि पडद्यावर चित्र आलं. दोन्ही फुप्फुसं पुन्हा धूसर! खालच्या भागात तर महिन्याभरापूर्वी होतं त्याहून जास्त पांढरं. माझा कोरा चेहरा कुठे गेला कोण जाणे. काचेबाहेर उभ्या नितेशनं तो पाहिला आणि फोन काढला. हॉस्पिटलात बेड बघायला लागला. "वाढलंय. हो, परत वाढलंय. मी बोललेलो ना." एकीकडे छातीच्या डॉक्टरांना फोन, एकीकडे बायकोला बॅग भरायला सांगणं. हिराबाई टेबलावरून उतरून दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं ऐकलं. पदर सारखा केला आणि बाकावर जाऊन बसल्या. ज्या बाईनं कॉरिडॉरमध्ये चालताना वॉर्डबॉयच्या लग्नाची चौकशी केली होती, ती गप्प बसलेली बघून मला रडूच आलं. आणि संतापही. कुणावर ते कळेना.

डॉक्टरबाई आल्या, पडद्यासमोर बसल्या, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाल्या, "सुलभा, ही श्वास सोडून झोपलीय."

"काय?"

"श्वासनलिका बघ ना. छाती भरलेली असली की गोल दिसते. इथे मागची भिंत आत आलीय. फुप्फुसात हवाच नाही तर काळं कुठून दिसणार? हे आजाराचं पांढरं नाही, रिकामेपणाचं पांढरं आहे."

खरंच होतं. छाती रिकामी करून काढलेलं चित्र चांगल्या माणसाचंही धूसर येतं. म्हणून तर आम्ही जन्मभर ओरडत असतो, श्वास घ्या, रोखा, रोखा, सोडा. पण हिराबाईंनी आधीचे दोन स्कॅन बिनचूक दिले होते, तेव्हा मी स्वतः कानाशी सांगितलं होतं. आज हिला झालं काय?

आम्ही दोघी बाहेर गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, मशीन बोललं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"पोरगा बोल्ला तसाच केला," हिराबाई म्हणाल्या. "त्याला विचार."

नितेश फोन कानावरून खाली घेत म्हणाला, "मी बरोबर सांगितलं होतं. आये, तुला बोललो ना, पहिला आवाज आला की दम घे. दुसरा आला की दम धर. सिंपल."

"मंग? घेतला ना दम. धरला ना."

"कसा घेतला, दाखवा बघू," मी म्हणाले.

हिराबाईंनी खांदे सैल सोडले, हुश्श करून सगळी हवा बाहेर टाकली आणि हात मांडीवर ठेवून निवांत बसल्या. डोक्यावरून पाटी उतरवून बाई बसते तशा. ह्याला आपल्याकडे काय म्हणतात? दम घेणं! पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणतात. आणि दम धरणं म्हणजे काय? वाट बघणं. घाई न करणं. बाई त्या मशीनमध्ये आधी विसावल्या आणि मग शांतपणे वाट बघत राहिल्या. शब्दांचा अर्थ त्यांनी अगदी बरोबर लावला होता. चूक होती ती सांस शब्दाचं भाषांतर करणाऱ्याची.

डॉक्टरबाई हसायला लागल्या. मी हसले नाही, मला आधी ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं तेच ठरेना. त्या भरलेल्या आवाजावर? मराठी भाषेवर? नितेश तर खुर्चीवर मटकन बसला होता. फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो, बेड हवाय का?" विचारत होतं.

पूर्ण स्कॅन पुन्हा नको म्हणून डॉक्टरबाईंनी मोजक्याच काचऱ्या काढायला सांगितल्या. ह्या वेळी मशीनचा आवाज बंद केला. मी हिराबाईंच्या कानाशी म्हणाले, "आजी, भरलेली पाटी जमिनीवरून उचलताना छाती कशी भरून घेता? तशी भरा. आणि पाटी डोक्यावर पोचेपर्यंत सोडू नका."

बाईनं जी छाती भरली! चित्र आलं ते काळंभोर. तळाशी चार बारीक रेघा, बाकी लख्ख. डॉक्टरबाईंनी नितेशला आत बोलावून दाखवलं. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला, डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर बोट ठेवून म्हणाला काय, तर, "ह्या लाईन्स आहेत ना मॅडम, ह्या कधी जातील?"

मी तोंड उघडलं होतं. पण माझ्या आधी दारातून आवाज आला. हिराबाई सोनं परत गळ्यात घालत उभ्या होत्या.

"त्या नाय जाईत तं नाय जाईत," त्या म्हणाल्या. "नितेश, तूच बोल्लास, आये दम धर. फोटो चांगला येईपत्तुर दम धर. धरला. तुजा बाप गेला तवापासून दमच धरून बसलेय मी त्या खिरकीन. आता किती धरू? मशीनवाली बाय पन शेवटी सोडा बोलते. तू बोलतोस का कदी?"

नितेश आईकडे बघत राहिला. मग त्यानं त्यांच्या हारात अडकलेला पदर सोडवून दिला आणि म्हणाला, "चल. सोडतो तुला." घरी सोडतो म्हणाला की बाजारात, ते मला तेव्हा कळलं नाही.

नंतर माणसं शहाणी झाली असं समजू नका. पुढच्याच आठवड्यात एक बाई नवऱ्याचा स्कॅन घेऊन आल्या, फिल्मवर हळदकुंकू लावलेलं. मी निवृत्त होईपर्यंत स्कोर विचारणारे येत राहिले आणि मला सिस्टर म्हणत राहिले. मशीनमधली बाई हिंदीच बोलते अजून. मी तेवढं करून घेतलं, की मराठी पेशंटला सांगायचं झालं तर दम हा शब्द आमच्या खोलीत कुणी उच्चारायचा नाही.

मध्यंतरी वर्तकनगरला बहिणीकडे गेले होते, येताना बाजारातून आले. हिराबाई आपल्या जागेवर होत्या. निम्म्या जागेवर म्हणायला हवं. जाऊबाई पूर्ण हटली नव्हती, दोघी कोपराला कोपर लावून बसल्या होत्या आणि एकमेकींच्या पाटीतल्या मासळीला नावं ठेवत होत्या. अंगावर सगळं सोनं. आवाज असा, की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक वळावं. मला ओळखलं त्यांनी. "फोटोवाली बाय!" म्हणून हाक मारली. मी पापलेट घेतलं आणि घड्याळ बघत म्हणाले, "आजी, जरा लवकर साफ करून द्या, उशीर होतोय."

त्यांनी कोयता उचलला, मान वर न करता म्हणाल्या, "दम धर."

आणि मी, जन्मभराच्या सवयीनं, भर बाजारात छाती भरून श्वास घेतला आणि रोखून उभी राहिले.